लातूरचं रेल्वे स्टेशन आणि बार्शी लाईट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या स्टेशनाचा विषय निघाला की घरातली थोरली माणसं एका जागेबद्दल बोलत असतात आणि पोरं दुसऱ्याच. थोरल्यांच्या डोळ्यांसमोर गावातलं नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांच्या गाडीचं, स्टेशन असतं, पोरांच्या डोळ्यांसमोर मुंबईची गाडी जिथून सुटते ते. त्यामुळे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

लातूरला पहिल्यांदा रेल्वे कधी आली?

१९११ साली. ती आली बार्शीकडून, आणि टप्प्याटप्प्याने आली. कुर्डुवाडी ते बार्शी हा तुकडा १८९७ मध्ये सुरू झाला. १९०७ मध्ये रूळ तडवळ्यापर्यंत पोचले आणि तिथून पुढे चार वर्षांनी लातूरला. दुसऱ्या अंगाने हीच लाईन १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला गेली. मिरज ते लातूर मिळून २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर झाले. लातूर हे तिचं पूर्वेकडचं शेवटचं स्टेशन. हे ‘शेवटचं’ असणं लक्षात ठेवा. पुढची अर्धी भांडणं त्यातूनच निघालेली आहेत.

लातूर तर निजामाच्या राज्यात होतं. मग निजामाची रेल्वे का नाही आली?

निजामाची रेल्वे मराठवाड्यात होती, पण ती वरच्या अंगाने गेली. मनमाड–हैदराबाद ही मीटरगेज लाईन १९००च्या आगेमागे झाली आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावं तिच्यावर आली. बीड, उस्मानाबाद, लातूर हा सगळा बालाघाटाचा पट्टा तिच्यापासून लांब राहिला.

शिवाय लातूरचा व्यापार तोंड करून होता पश्चिमेला. इथली रुई बार्शीला जायची, बार्शीतून मुंबईला. राज्य हैदराबादचं आणि बाजार मुंबईचा, अशी अवस्था. जी रेल्वे त्या बाजाराकडे नेईल तीच चालणार होती. म्हणून निजामाच्या मुलखातल्या या कसब्याला जी आगगाडी मिळाली ती लंडनमध्ये नोंदलेल्या बार्शी लाईट रेल्वे या खासगी कंपनीची होती. माझं मत विचाराल तर ही रेल्वे माणसांसाठी नव्हतीच, कापसासाठी होती. माणसं तिच्यात बसली, एवढंच.

ही बार्शी लाईट कंपनी कुणाची?

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची. हा गृहस्थ आधी ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेत नोकरीला होता. जीआयपीची मुंबई–मद्रास लाईन सोलापूरकडे जाताना बार्शीला वीसेक मैल बाजूला ठेवून गेली. बार्शी त्या काळी कापसाची मोठी पेठ. सगळा माल बैलगाड्यांवर लादून स्टेशनापर्यंत न्यावा लागे, आणि पावसाळ्यात काळ्या रानातून भरलेली गाडी काढणं म्हणजे काय असतं हे इकडच्या माणसाला सांगायला नको. कॅलथ्रॉपने ही गरज हेरली, १८९५ मध्ये कंपनी काढली आणि दोन वर्षांत गाडी सुरू केली.

त्याचा डोक्यातला हिशोब साधा होता. गाडीचं वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटून द्यायचं, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, आणि जिथे मोठी रेल्वे परवडत नाही तिथे ही परवडते. वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, त्याने दाबलेल्या पोलादी पत्र्याच्या करून घेतल्या. त्या स्वतः हलक्या, माल मात्र भरपूर घेणाऱ्या. इंजिनं इंग्लंडातल्या लीड्सच्या किट्सन कंपनीची, एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची. इकडे पाठवण्याआधी हा सगळा सरंजाम लीड्सजवळ तात्पुरते रूळ टाकून चालवून दाखवला होता. पुढे इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात १९०४ साली त्याने याच मापाची आणखी एक छोटी रेल्वे उभी केली, ती बार्शीच्या अनुभवावर. म्हणजे प्रयोग आधी आपल्याकडे झाला आणि नक्कल तिकडे गेली. उलटं नेहमीच ऐकतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

उतारवयात हाच कॅलथ्रॉप वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला. १९२७ मध्ये तो वारला. त्याच वर्षी लाईन मिरजेला पोचली.

‘नॅरोगेज’ म्हणजे किती अरुंद? माथेरानच्या गाडीएवढी का?

माथेरानपेक्षा रुंद. माथेरानच्या दोन रुळांमधलं अंतर दोन फूट, बार्शी लाईटचं अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. मीटरगेज १,००० आणि ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. तिला खेळण्यातली गाडी म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की ही डोंगर दाखवायची गाडी नव्हती. पोती, गाठी, गुरं, वारकरी असं सगळं तिने वाहिलं. आषाढीला तर पंढरपूरच्या बाजूला डबे पुरायचे नाहीत, मग मालाच्या वाघिणीतही माणसं बसवत.

पळत्या गाडीतून उतरून, बोरं तोडून परत चढता यायचं, हे खरं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ज्याला विचारावं त्याच्या आजोबांनी हे केलेलं असतं, आणि बोरांच्या जागी कधी हुरडा असतो, कधी ऊस. प्रत्येक आजोबाची साक्ष काढता येत नाही, पण गाडी हळू का चालायची हे सांगता येतं.

येडशीच्या आसपास लाईन बालाघाटाचे कडे चढते. रामलिंगचं जंगल तिथलंच. हलक्या रुळांच्या रेल्वेत डोंगर फोडून सरळ वाट काढायला पैसा नसतो, म्हणून रूळ डोंगराच्या अंगाने वळसे घेत जातात. अडीच फुटी मापाला तेवढी तीव्र वळणं पेलवतात, हाच त्याचा फायदा. पण वळण तीव्र म्हणजे वेग कमी, त्यात चढ, त्यात मागे मालाच्या वाघिणी, कारण बऱ्याच गाड्या मिश्र असत, माणसं आणि माल एकत्र. प्रत्येक स्टेशनवर वाघिणी काढायच्या-जोडायच्या. तेव्हा चढावर कुणी उतरून चार पावलं चालला असेल तर नवल नाही. सपाट रानात मात्र असं कुणी करू शकला असेल यावर माझा विश्वास नाही.

त्या काळी लातूरहून मुंबईला कसं जायचे?

लातूरला बसायचं, कुर्डुवाडीला उतरायचं, आणि तिथे मोठ्या लाईनवर सोलापूरकडून येणारी गाडी धरायची. दोन गेज म्हणजे दोन फलाट, दोन गाड्या, आणि लहान गाडीला उशीर झाला की मोठी गाडी थांबत नसे. कुर्डुवाडीच्या फलाटावर वळकट्या उशाला घेऊन रात्र काढणं हा या प्रवासाचा ठरलेला भाग.

माणसं निदान स्वतःच्या पायांनी गाडी बदलतात. मालाला पाय नसतात. लातूरला भरलेली रुईची दाबगाठ कुर्डुवाडीला नॅरोगेजच्या वाघिणीतून काढायची, हमालाने पाठीवर घ्यायची, ब्रॉडगेजच्या वाघिणीत रचायची. लोखंडी पट्ट्या आवळलेली गाठ, धरायला आकडा, पाठीला पोत्याची खोळ. एक गाठ दीडशे किलोच्या वर. एकट्याचं काम नाही. प्रत्येक बदलीला हमाली, त्यात फाटतूट, गहाळ, आणि दोन-तीन दिवसांचा खोळंबा. गेज बदलण्याचा खर्च म्हणजे नेमकं काय, ते असं. तो शेवटी जायचा शेतकऱ्याच्या भावातून.

हद्द ओलांडताना तपासणी व्हायची का?

व्हायची. बार्शी ब्रिटिश मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. लातूर निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. निजाम सरकारचं स्वतःचं जकात खातं होतं, त्याला करोडगिरी म्हणत. राज्यात येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर जकात लागे. नाणंही वेगळं. इकडे चालायचा ‘हाली’ रुपया, तिकडे ‘कलदार’, आणि हालीची किंमत कलदारपेक्षा कमी. लातूरच्या आडत दुकानातल्या जुन्या वह्यांमध्ये दोन्ही नावं सापडतात ती यामुळे. घरात अशी वही असेल तर रकमेपुढे काय लिहिलंय ते आधी पाहा, मगच भावाची तुलना करा.

हे सगळं १७ सप्टेंबर १९४८ नंतर हळूहळू संपलं. त्याआधीच्या वर्षभरात हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांची सीमेवरची शिबिरं बार्शीच्या बाजूलाही होती. निजामाच्या पोलिसांची हद्द जिथे संपे, तिथून पलीकडे त्यांना आसरा होता.

गंजगोलाई रेल्वेमुळे झाली का?

थेट ‘मुळे’ म्हणायला मी धजणार नाही, पण तारखा बोलक्या आहेत. रेल्वे १९११ ला आली, गोलाईची मधली दुमजली इमारत १९१७ ची. नगररचनाकार फय्याजुद्दीन यांचा आराखडा, मध्ये जगदंबेचं देऊळ, आणि भोवतीच्या वर्तुळाला मिळणारे सोळा रस्ते, प्रत्येक रस्त्यावर वेगळा बाजार. ज्या गावात आवक वाढण्याची खात्री नाही, त्या गावात अशी पेठ आखत नाहीत. त्या सहा वर्षांत लातूरला कळून चुकलं होतं की आता माल इथे येऊन थांबणार, कारण रूळ इथे येऊन थांबतात. लांबच्या खेड्यातली बैलगाडी शेवटच्या स्टेशनाकडेच येते. टोकाचं गाव असण्याचा हा पहिला फायदा.

डॉ. आंबेडकर या लाईनवरच्या गावी आले होते का?

हो, कसबे तडवळ्याला. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी तिथे महार-मांग वतनदार परिषद झाली, तिला ते हजर होते. आजही फेब्रुवारीत गावात त्याची आठवण जागवली जाते. १९०७ ते १९११ ही चार वर्षं लाईनचं टोक तडवळ्यालाच होतं.

लातूर आणि लातूर रोड ही दोन वेगळी स्टेशनं का?

तिकीट काढताना अजूनही लोकांची गफलत होते म्हणून नीट सांगतो. लातूर रोड हे चाकूर तालुक्यात आहे, शहरापासून तीस किलोमीटरच्या वर. ते विकाराबाद–बीदर–उदगीर–परळी या लाईनवरचं स्टेशन. ती निजामाच्या रेल्वेची ब्रॉडगेज लाईन. लाईन गावाला न शिवता गेली की गावाकडे जाणारा रस्ता जिथे फुटतो त्या स्टेशनाला ‘रोड’ जोडायची पद्धत होती. मानवत रोड तसंच. कुर्डुवाडीचंसुद्धा मूळ नाव बार्शी रोड.

आता गंमत बघा. लातूरात अडीच फुटी रूळ, लातूर रोडला साडेपाच फुटी, आणि परळीच्या पुढे परभणीकडे मीटरगेज. एका माणसाला लातूरहून औरंगाबादला रेल्वेनेच जायचं म्हटलं असतं तर तिन्ही मापं अंगाखालून गेली असती. मराठवाडा रेल्वेत मागे राहिला असं म्हणतात तेव्हा नुसते किलोमीटर मोजतात. खरी अडचण ही होती की जे रूळ होते ते एकमेकांना जोडलेलेच नव्हते.

कंपनी जाऊन सरकारी रेल्वे कधी झाली?

१ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने बार्शी लाईट विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा अख्खा सोलापूर विभाग तिकडे गेला, १९७७ मध्ये परत मध्य रेल्वेत आला. आज लातूर सोलापूर विभागात आहे आणि लातूर रोड दक्षिण मध्यच्या सिकंदराबाद विभागात. तीस-पस्तीस किलोमीटरवर रेल्वेचे साहेब बदलतात. गाड्यांच्या मागण्या मुंबईला करायच्या की सिकंदराबादला, हा घोळ त्यातलाच.

ब्रॉडगेज व्हायला इतका उशीर का लागला? कधी झालं?

लातूर–उस्मानाबाद तुकडा सप्टेंबर २००७ मध्ये आणि उस्मानाबाद–कुर्डुवाडी ऑक्टोबर २००८ मध्ये ब्रॉडगेज म्हणून सुरू झाला. पंढरपूर–मिरज त्यानंतर. म्हणजे सरकारने कंपनी घेतल्यावर अर्धशतक उलटून गेलं.

उशिराचं एक कारण तांत्रिक आहे. नॅरोगेजच्या वळणांवरून ब्रॉडगेज जात नाही. रूळ रुंद करून भागत नाही, घाटात वाटच नवी आखावी लागते, पूल नवे लागतात, जमीन नवी लागते. दुसरं कारण पैशाचं. ज्या लाईनवर वाहतूक कमी तिला पैसा मिळत नाही आणि पैसा मिळत नाही म्हणून वाहतूक ट्रककडे जाते. तोवर लातूरची तूर, डाळ, सोयाबीन सगळं रस्त्याने जाऊ लागलं होतं.

नवी वाट आखल्याचा एक मोठा लाभ धाराशिवला झाला. नॅरोगेज त्या शहरात जातच नव्हती. जिल्ह्याचं ठिकाण असून लोकांना गाडीसाठी येडशीला जावं लागे. ब्रॉडगेज वळवून शहराजवळून नेली तेव्हा तिथे पहिल्यांदा स्टेशन झालं.

लातूरचं जुनं स्टेशन कुठे होतं? आता काय आहे?

शहराच्या आत. ब्रॉडगेजचं स्टेशन शहराच्या कडेला नव्या जागी झालं आणि आतली पट्टी मोकळी झाली. ‘जुनी रेल्वे लाईन’ हा पत्ता मात्र अजून चालतो, दवाखान्यांच्या आणि दुकानांच्या पाट्यांवर वाचा. रिक्षावाल्याला नुसतं ‘स्टेशन’ म्हणू नका, जुनं की नवं ते सांगा.

२०१६ ची पाण्याची गाडी याच मार्गाने आली का?

याच मार्गाने. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेने आणायचं ठरलं. राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात तेलाच्या वाघिणी वाफेने धुऊन काढल्या. पहिली गाडी १० वाघिणींची, पाच लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोचली. नंतर ५० वाघिणींच्या गाड्या आल्या, खेपेला २५ लाख लिटर. ‘जलदूत’ हे तिचं नाव. पावसाळ्यापर्यंत खेपा चालू राहिल्या.

बातम्यांमध्ये एक गोष्ट फारशी आली नाही. मिरज–लातूर ब्रॉडगेज पुरी होऊन तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. हा दुष्काळ दहा वर्षं आधी पडला असता तर ती गाडी कुर्डुवाडीला अडली असती. पाणी काही हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत भरता येत नाही. नॅरोगेजच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांना मी हा दाखला देतो.

मुंबईची गाडी बीदरला नेली तेव्हा लातूरकर एवढे चिडले का?

कारण गाडी सुटते त्या गावाला जागा मिळते. लातूर–मुंबई एक्स्प्रेस रात्रीची गाडी. जनरल डब्यात बसणारा विद्यार्थी, मंत्रालयात काम असलेला माणूस, उपचारासाठी निघालेलं कुटुंब, सगळे तिच्यावर अवलंबून. २०१७ मध्ये ती बीदरपर्यंत वाढवली. लातूरला गाडी भरून येऊ लागली आणि आरक्षणाचा कोटाही वाटला गेला. आंदोलनं झाली. पुढे काही दिवस लातूरहून आणि काही दिवस बीदरहून अशी वाटणी करून तोडगा निघाला.

बीदर, उदगीरच्या लोकांनाही मुंबईला जायचं असतं, हे नाकारता येत नाही. त्यांची मागणी रास्तच होती. चूक झाली ती असलेली गाडी ताणण्यात. नवी गाडी दिली असती तर भांडणच उरलं नसतं.

रेल्वेच्या डब्यांचा कारखाना लातूरला आहे, तो कुठे?

हरंगुळजवळ. ३१ मार्च २०१८ ला पायाभरणी झाली आणि २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरी हे त्याचं नाव.

विजेवरची गाडी कधीपासून?

औसा रोड ते लातूर रोड या तुकड्याचं काम फेब्रुवारी २०२३ मध्ये संपलं. मध्य रेल्वेच्या सगळ्या ब्रॉडगेज जाळ्यात विद्युतीकरण व्हायचा राहिलेला तो शेवटचा तुकडा होता. शेवटचा नंबर इथेही लातूरचाच!

घरात नॅरोगेजचं जुनं तिकीट सापडलंय. ते कधीचं हे कसं ओळखायचं?

जाड पुठ्ठ्याचं, बोटभर लांब तिकीट असेल. आधी तारीख शोधा. ती छापलेली नसते, यंत्रात दाबून उठवलेली असते, त्यामुळे शाई उडाली तरी तिकीट उजेडात तिरकं धरलं की आकडे दिसतात. तारीख लागलीच नाही तर रेल्वेचं नाव किंवा आद्याक्षरं पाहा. बार्शी लाईटचं नाव असेल तर ते १९५४ च्या आधीचं धरायला हरकत नाही. दक्षिण मध्य रेल्वे असेल तर १९६६ ते १९७७ मधलं. मध्य रेल्वे असेल तर या दोन्हींच्या मधलं किंवा १९७७ नंतरचं, आणि मग भाड्याच्या रकमेवरून अंदाज घ्यावा लागतो. आणे-पै असतील तर ते १९५७ च्या आधीचं, पैसे असतील तर नंतरचं.

तिकिटाला भोक असेल तर ते खराब समजू नका, तो तपासनिसाचा चिमटा आहे. लॅमिनेशन मात्र करू नका, पुठ्ठा आतल्या आत पिवळा पडतो. साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा, आणि कुणाचं तिकीट, कुठल्या प्रवासाचं, हे आजी-आजोबांना विचारून पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवा.